तीस वर्षं दुसऱ्या खुर्चीवर : बिल गथ्रिज आणि कॉलेज बास्केटबॉलचे असिस्टंट कोच

टारहीलवासी (धागाकर्ता)

मार्च लागला की आमच्याकडे, म्हणजे नॉर्थ कॅरोलायनात, ऑफिसातली कामं रेंगाळतात. कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा सुरू असते आणि ज्याच्या त्याच्या टेबलावर ब्रॅकेटचा, म्हणजे कोण कुणाला हरवणार याच्या अंदाजांचा, कागद. मी इथे आलो तेव्हा मला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. चॅपल हिलला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या डीन स्मिथ सेंटरमध्ये एकवीस हजारांवर माणसं मावतात आणि मला परवडायचं ते तिकीट अगदी छताखालचं. तिथून चेंडू काय दिसणार डोंबल! मग दुर्बीण घेऊन बेंचकडे बघत बसायची सवय लागली.

बेंचवर गंमत असते. हेड कोच पंचांशी हुज्जत घालतो, कॅमेरे त्याच्यावर. त्याच्या शेजारचा माणूस मांडीवर फळा आणि हातात घडी घातलेला कागद घेऊन बसलेला. समोरच्या पॉइंट गार्डने मूठ वर केली की हा ताडकन उठून आपल्या पोरांना ओरडून सांगतो, स्क्रीन (म्हणजे वाट अडवणारा गडी) डावीकडून येतेय. कुणाचे किती फाऊल, टाइमआउट किती उरले, पझेशनचा बाण कुणाकडे, सगळं याच्या डोक्यात. त्या प्रतिस्पर्ध्याचे पाच-सहा सामने आठवडाभर बघून त्याने 'स्काउट' तयार केलेला असतो. जिंकलो तर हेड कोचची मुलाखत. हरलो तर हेड कोच म्हणतो, तयारी कमी पडली. तयारी कुणाची, ते मंडळींनी ओळखावं.

तर आज अशा एका माणसाबद्दल. बिल गथ्रिज. जन्म १९३७, पार्सन्स, कॅन्सस. कॅन्सस स्टेटमध्ये टेक्स विंटरच्या हाताखाली खेळला. हा विंटर म्हणजे ज्याची ट्रँगल ऑफेन्स ही हल्ल्याची पद्धत पुढे शिकागो बुल्सने जगभर गाजवली तो. खेळून झाल्यावर गथ्रिजने दोन वर्षं स्कॉट सिटी नावाच्या गावात शाळेच्या पोरांना शिकवलं, मग पुन्हा विंटरकडेच पाच वर्षं असिस्टंट. १९६७ साली चॅपल हिलच्या विद्यापीठाचा हेड कोच डीन स्मिथ याने त्याला तिकडे बोलावलं.

आणि तो तिथे तीस वर्षं असिस्टंटच राहिला.

तीस वर्षं! या धंद्यात असिस्टंट तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड हलवतो. हेड कोचला काढलं की त्याच्याबरोबर अख्खा स्टाफ जातो. मार्चमध्ये काढाकाढी, एप्रिलच्या सुरुवातीला फायनल फोर (स्पर्धेतल्या शेवटच्या चार संघांची फेरी), आणि त्याच शहरात सगळ्या कोचांचं अधिवेशन. हॉटेलची लॉबी म्हणजे नोकऱ्यांचा आठवडी बाजार. बायकोमुलांना फोन करून सांगायचं, आता आयडाहो. गथ्रिजने यातलं काही भोगलं नाही. उलट डीन स्मिथच्या बेंचवरची बाकीची माणसं हेड कोच होऊन गेली. एडी फोगलर १९८६ मध्ये विचिटा स्टेटला, रॉय विल्यम्स १९८८ मध्ये कॅन्ससला. गथ्रिजला बोलावणी आली नाहीत असं नाही. १९७८ मध्ये पेन स्टेटचं हेड कोचपद जवळजवळ त्याच्या हातात होतं. ऐनवेळी विचार बदलला आणि स्वारी परत.

तो करायचा काय? उंच पोरांना पोस्टमध्ये, म्हणजे बास्केटजवळ, पाय कसे टाकायचे ते शिकवायचा. नेमबाजी, विशेषतः फ्री थ्रो, हे त्याचं खातं. तालमीचं घड्याळ, प्रवास, हजेरी. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकला डीन स्मिथ अमेरिकेचा कोच होता आणि असिस्टंट दोन, जॉन थॉम्पसन आणि गथ्रिज. सुवर्णपदक. १९८२ ला न्यू ऑर्लीन्सच्या अंतिम सामन्यात पहिल्या वर्षाच्या मायकेल जॉर्डनने शेवटच्या सेकंदांत तो शॉट मारला (६३-६२). समोर जॉर्जटाउनच्या बेंचवर हेड कोच होता तोच जॉन थॉम्पसन. माँट्रियलला जोडीने बसलेल्या दोघांतला एक समोरच्या बेंचचा मालक, दुसरा आपल्या जागेवरच. मला तो सामना आठवला की जॉर्डनआधी हे आठवतं.

९ ऑक्टोबर १९९७ रोजी डीन स्मिथने निवृत्ती जाहीर केली. ३६ मोसम, ८७९ विजय, तेव्हाचा विक्रम. सराव सुरू व्हायला आठवडा-दीड आठवडा उरलेला. इथले जुने लोक सांगतात की वेळ मुद्दाम साधली होती; एवढ्या कमी दिवसांत विद्यापीठाला बाहेरचा माणूस शोधताच येऊ नये म्हणून. खुर्ची गथ्रिजला मिळाली. वय ६०.

पहिल्या मोसमात ३४ विजय, ४ पराभव. पहिल्याच वर्षी हेड कोच झालेल्या माणसाचे इतके विजय तोवर कुणाचेच नव्हते. राष्ट्रीय पातळीवर वर्षातला सर्वोत्तम कोच. आणि तरीही इथे बरेच जण म्हणायचे, संघ डीनचाच होता की. अँटवान जेमिसन आणि व्हिन्स कार्टर एकत्र खेळत असताना कुणीही जिंकलं असतं!

माझा प्रश्न असा : गथ्रिजचं करिअर तुम्ही कोणतं धराल? आधीची तीस वर्षं की नंतरची तीन?

---

डबलड्रिबल

वाचनखूण साठवली. पण तीन वर्षांचा हिशेब पूर्ण द्या की. १९९८ ला फायनल फोरमध्ये यूटाकडून हरले, ६५-५९. जेमिसन आणि कार्टर दोघेही एनबीएत गेले. १९९९ ला पहिल्याच फेरीत वेबर स्टेटकडून हार, ७६-७४. हॅरल्ड आर्सेनोने एकट्याने ३६ गुण ठोकले. २००० ला मोसमभर रडतखडत, आठवं मानांकन. लोक म्हणत होते म्हातारा घरी जाऊ दे. आणि त्याच संघाने अव्वल मानांकित स्टॅनफर्डला उडवून फायनल फोर गाठली. फ्लोरिडाकडून हरले. जूनअखेर गथ्रिज निवृत्त. एकूण ८०-२८. तीन वर्षांत दोन फायनल फोर!

---

नागपुरी_संत्रं

धागा आवडला. आमच्याकडची कथा ऐका. विद्यापीठाच्या संघाबरोबर मी आंतरविद्यापीठ स्पर्धेला दोनदा 'असिस्टंट कोच' म्हणून गेलो. काम काय तर चेंडूंची पिशवी सांभाळणे, रेल्वेचं कन्सेशन फॉर्म भरणे आणि परत आल्यावर टीए-डीए बिलावर सह्या गोळा करणे. मॅनेजर म्हणून एक प्राध्यापक आले होते, त्यांना चेंडू हातात द्यावा की पायात हेही ठाऊक नव्हतं. स्काउट वगैरे शब्द पतियाळाला एनआयएसच्या (राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या) कोचिंग डिप्लोमाला ऐकले होते, तिथेच ठेवून आलो.

तीस वर्षं कुणाच्या शेजारी बसायचं म्हणजे शेजारी बसण्यासारखा माणूसही लागतो ना भाऊ.

---

कोमल_गंधार

नागपूरकर, शेवटच्या वाक्याला +१.

मला खेळातलं फार कळत नाही, पण हे वाचताना गाण्याच्या बैठकीतला तानपुऱ्यावरचा शिष्य दिसला. मागे बसतो, सूर धरून ठेवतो, बुवांचा श्वास संपला की एखादी जागा भरतो आणि लगेच मागे सरतो. आपलं गाणं त्या वेळी पुढे आणायचं नाही, ही सगळ्यात अवघड गोष्ट. फरक इतकाच की तो शिष्य आज ना उद्या स्वतंत्र बैठक करणार हे गृहीत असतं. साठीपर्यंत तानपुराच धरणारा मी पाहिलेला नाही.

---

तिरकस_शेजारी

सगळे गहिवरलेत म्हणून थोडं थंड पाणी.

एक, निष्ठा वगैरे ठीक, पण गथ्रिज एका जिंकणाऱ्या संघात, सुंदर गावात, कधीही न हलणाऱ्या बॉसच्या शेजारी होता. याला त्याग म्हणायचं की सोय?

दोन, असिस्टंट कोचची दुसरी बाजू. २६ सप्टेंबर २०१७ ला एफबीआयने ऑबर्न, ओक्लाहोमा स्टेट, अॅरिझोना आणि यूएससी अशा चार विद्यापीठांचे चार असिस्टंट कोच उचलले. आरोप लाच घेतल्याचा : आमच्याकडची पोरं पुढे तुमच्या एजंटकडे वळवू. हेड कोच किती आरोपी झाले? शून्य. अॅरिझोनाच्या बुक रिचर्डसनला २० हजार डॉलर घेतल्याबद्दल तीन महिने तुरुंग झाला. लाखो डॉलर पगार घेणारे साहेब बेंचवर होते तिथेच. पोरांच्या घरी जाणं, आईशी, मामाशी, क्लबच्या कोचशी बोलणं, हे सगळं असिस्टंटने करायचं. चिखल लागतो तोही त्यालाच.

---

टारहीलवासी

@तिरकस_शेजारी, दुसरा मुद्दा मान्य. रिक्रूटिंगबद्दल मी मूळ लेखात लिहिलंच नाही, ती चूक. जुलैमध्ये मोठमोठ्या हॉलमध्ये एकावेळी आठ-दहा कोर्टांवर क्लबांचे सामने चालतात. कडेला दुमडत्या खुर्च्यांवर शंभरेक कोच बसलेले, प्रत्येकाच्या शर्टावर कॉलेजचं चिन्ह. पोरगा कसा खेळतो हे त्यांना आधीच माहीत असतं. मी तुला बघायला आलोय हे पोराला दिसावं, एवढ्यासाठी हजेरी. दोन-अडीच वर्षं असिस्टंट त्या घरी फोन करतो, वाढदिवस लक्षात ठेवतो. शेवटी हेड कोच एकदा घरी येतो, सोफ्यावर बसतो, पाय खाऊन जातो. पाय म्हणजे ते गोड हो.

सोयीचं म्हणाल तर पेन स्टेटला गेला असता तर पगार वाढला असता, नाव दारावर लागलं असतं. ती सोय त्याने सोडली. बाकी तुम्ही म्हणता तशी ऊबही असेलच. ऊब नसती तर तीस वर्षं कोण राहील?

---

हस्की_वहिनी

कनेटिकटहून हजेरी. सगळे पुरुषांच्या संघाबद्दलच बोलताय!

आमच्या ख्रिस डेलीचं नाव कसं कुणी घेतलं नाही? रटगर्सची खेळाडू. १९८५ मध्ये हेड कोच जीनो ऑरिएमाबरोबर यूकॉनला (कनेटिकट विद्यापीठात) आली तेव्हा हा महिला संघ कुणाच्या खिजगणतीत नव्हता. पहिल्या मोसमात १२ विजय, १५ पराभव. २०२५ मध्ये बारावं विजेतेपद मिळालं तेव्हाही ती त्याच बेंचवर होती. म्हणजे गथ्रिजच्या तीस वर्षांवर दहा अधिक. २०१८ मध्ये महिला बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेली. जीनो आजारी असेल किंवा निलंबित, तेव्हा ती संघ चालवते आणि जिंकते. हेड कोच व्हायचं नाही का, हा प्रश्न तिला आयुष्यभर विचारला गेला असणार. मला तर भाजीच्या दुकानात लोक विचारतात, तुम्ही अजून सीनियरच का, मॅनेजर का नाही झालात.

---

डबलड्रिबल

वहिनी, बरोबर.

उलट्या टोकाचं उदाहरण द्यायचं तर माइक हॉपकिन्स. सिराक्यूजला जिम बोहाइमच्या हाताखाली वीस वर्षांवर असिस्टंट. वारसदार म्हणून रीतसर जाहीर झाला, तारीखसुद्धा ठरली. मार्च २०१७ मध्ये वाट बघणं सोडून वॉशिंग्टनला हेड कोच म्हणून गेला. बोहाइम काही उठला नाही, २०२३ पर्यंत बसून होता. हॉपकिन्स पहिली दोन वर्षं पॅक-१२ या कॉलेजांच्या गटाचा सर्वोत्तम कोच ठरला, मग घसरण, २०२४ ला नारळ. राहिला असता तर कुणी सांगावं, आणखी किती वर्षं फळाच धरून बसला असता. त्यामुळे थांबणारा शहाणा की जाणारा, हे बॉस कधी उठतो त्यावर!

आणि स्टीव्ह फिशर. मिशिगन, १९८९. राष्ट्रीय स्पर्धेच्या तोंडावर हेड कोच बिल फ्रीडरने अॅरिझोना स्टेटची नोकरी पत्करली. अॅथलेटिक डायरेक्टर बो शेंबेकलरने सांगितलं, मग आत्ताच जा. असिस्टंट फिशरच्या हातात संघ आला आणि सहा सामने जिंकून राष्ट्रीय विजेता. सीटन हॉलविरुद्ध जादा वेळेत ८०-७९, शेवटच्या तीन सेकंदांत रुमील रॉबिन्सनचे दोन फ्री थ्रो. त्या रात्रीपर्यंत हेड कोच म्हणून कारकीर्द सहा सामन्यांची, आणि सहाच्या सहा जिंकलेले.

---

मावशी_ऑस्टिनची

हा धागा माझ्यासाठीच काढल्यासारखा वाटतोय, म्हणून पहिल्यांदाच प्रतिसाद लिहितेय. सांभाळून घ्या.

माझा भाचा इथेच जन्मला. उंची पाच फूट सात इंच, त्यामुळे खेळाडू होण्याचा प्रश्नच नव्हता. कॉलेजात संघाचा स्टुडंट मॅनेजर झाला. मॅनेजर म्हटल्यावर ताईने नातेवाइकांना कौतुकाने सांगितलं. प्रत्यक्षात टॉवेल धुणे, पाण्याच्या बाटल्या भरणे, रात्री अकराला एखाद्या खेळाडूला सराव करायचा असला की चेंडू गोळा करून परत देणे, आणि उंच पोरांचा सराव असला की जाड गादी हातात धरून त्यांना धक्के मारणे. चार वर्षं, बिनपगारी. आता म्हणतो ग्रॅज्युएट असिस्टंट व्हायचंय. फी माफ आणि थोडा स्टायपेंड. पंचवीस ठिकाणी अर्ज केलेत, दोघांचं उत्तर आलं, दोन्ही नकार. ताई रोज मला फोन करते, तू समजाव त्याला. मी काय समजावू? विचारलं, बाळा, यात पुढे काय? तर म्हणाला, मावशी, मला व्हिडिओ कापता येतो.

कुणी सांगेल का, या धंद्यात खालून वर खरंच जाता येतं?

---

टारहीलवासी

मावशी, स्वागत. जाता येतं, पण आधी पगाराची गोष्ट ऐका.

रॉय विल्यम्स १९७८ मध्ये शाळेतली चांगली नोकरी सोडून डीन स्मिथकडे अर्धवेळ असिस्टंट म्हणून आला तेव्हा पगार वर्षाला २,७०० डॉलर. घर चालवायला त्याने संघाची कॅलेंडरं गाडीत घालून गावोगाव विकली. रविवारी भल्या पहाटे डीन स्मिथच्या टीव्ही कार्यक्रमाच्या टेपा घेऊन राज्यभरच्या स्टेशनांवर पोचवायचा, पाचेकशे मैल. याच माणसाने पुढे २००५, २००९ आणि २०१७ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं चॅपल हिलला आणली. हे वाचून ताईंना लगेच फोन करू नका. असे किती रॉय कॅलेंडरंच विकत राहिले, त्यांची गोष्ट कुणी लिहीत नाही.

---

कायदेपंडित_ठाणे

पगाराचा विषय निघालाय तर एक खटला सांगतो, मला यातलं एवढंच येतं.

खर्च कमी करायचा म्हणून एनसीएएने (कॉलेजच्या खेळांचं नियमन करणारी संस्था) १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नियम केला : स्टाफमधल्या सगळ्यात खालच्या कोचला वर्षाला कमाल १६ हजार डॉलर. शैक्षणिक वर्षाचे १२ हजार, उन्हाळी शिबिरांचे ४ हजार. पदाचं नावच 'मर्यादित कमाईचा कोच'! हेड कोचच्या पगाराला मर्यादा नाही, स्टेडियमच्या खर्चाला नाही, फक्त याला. कोच मंडळी स्पर्धा कायद्याखाली कोर्टात गेली. लॉ विरुद्ध एनसीएए. (लॉ हे फिर्यादीचं आडनाव. आडनावात काय आहे म्हणतात, इथे सगळं आहे.) सगळ्या कॉलेजांनी मिळून कामगाराचा भाव ठरवणं म्हणजे संगनमत, असं अपील कोर्टाने १९९८ मध्ये उचलून धरलं. कॅन्सस सिटीच्या ज्युरीने भरपाई ठरवली ती कायद्याने तिप्पट होऊन सुमारे ६.७ कोटी डॉलर झाली. १९९९ ला ५.४५ कोटींवर तडजोड.

पुढे खेळाडूंच्या पैशांवरून एनसीएए कोर्टात एवढी हरली, त्याआधी तिला हरवलं ते या १६ हजारवाल्यांनी. बेंचच्या शेवटच्या खुर्चीवरच्यांनी.

---

तिरकस_शेजारी

हा प्रतिसाद मूळ धाग्यापेक्षा भारी. टारहीलवासी, रागावू नका.

मावशी, आणखी एक. २०२३ पासून पुरुषांच्या संघाला तीनऐवजी पाच असिस्टंट ठेवायची मुभा मिळाली, म्हणजे जागा थोड्या वाढल्यात. पण पोरं आता दरवर्षी ट्रान्स्फर पोर्टलमधून कॉलेज बदलतात. गथ्रिज एखाद्या सेंटरला चार वर्षं पाय टाकायला शिकवायचा. आता पाय टाकायला शिकला की तो दुसरीकडे. भाच्याला व्हिडिओ कापता येतो ना? मग बरं आहे. पोर्टलमधल्या हजारभर पोरांचे व्हिडिओ एप्रिलमध्ये कुणीतरी बघायला लागतातच.

---

कोमल_गंधार

गथ्रिज गेल्यावर काय झालं? तेवढं राहिलं.

---

टारहीलवासी

@कोमल_गंधार, २००० मध्ये रॉय विल्यम्सला बोलावलं, तो कॅन्ससला थांबला. मग आला मॅट डोहर्टी, १९८२ च्या विजेत्या संघातलाच खेळाडू. त्याने नोट्र डेमहून स्वतःचा स्टाफ आणला. गथ्रिजचे असिस्टंट गेले, त्यात बारा वर्षं असिस्टंट असलेला फिल फोर्ड, ज्याची जर्सी सन्मान म्हणून छताला टांगलेली आहे! दुसऱ्या वर्षी ८ विजय, २० पराभव. तेव्हा कुठे लोकांना गथ्रिजच्या ८०-२८ ची किंमत कळली. २००३ ला अखेर रॉय परतला.

गथ्रिज चॅपल हिलमध्येच राहिला. शेवटी शेवटी डीन स्मिथची स्मृती गेली होती. डीन ७ फेब्रुवारी २०१५ ला गेला, गथ्रिज १२ मे २०१५ ला. तीन महिन्यांनी. माणूस तिथेही मागेच राहिला, असं माझी बायको म्हणाली. मी काही बोललो नाही.

डीनने मृत्युपत्रात आपल्या प्रत्येक जुन्या खेळाडूला २०० डॉलरचा चेक ठेवला होता, माझ्याकडून बाहेर जेवा म्हणून. मला राहून राहून वाटतं, अशा याद्या चाळीस वर्षं कोण सांभाळतं? पत्ते कुणाकडे असतात? असिस्टंटकडे.

माझ्याच प्रश्नाचं माझं उत्तर : तीस वर्षं. ती तीन वर्षं म्हणजे मालक गावाला गेल्यावर दुकान उघडं ठेवणं होतं, आणि त्याने ते उत्तम ठेवलं.

---

डबलड्रिबल

असहमत! ८०-२८ हे दुकान उघडं ठेवणं नव्हे. पण तुमचा धागा, तुमचं राज्य.

---

मावशी_ऑस्टिनची

सगळ्यांचे आभार. काल रात्री भाच्याचा मेसेज आला. एका छोट्या कॉलेजात ग्रॅज्युएट असिस्टंटची जागा मिळाली. फी माफ, स्टायपेंड इतका की सांगत नाही, राहायला दोघांत एक खोली. गाव नॉर्थ डकोटात आहे. ताई रडतेय, पण डब्यात द्यायच्या चिवड्याची यादीही करतेय.

तिकडे थंडी किती असते हो? पोरगं ऑस्टिनचं, जाड कोट म्हणून त्याच्याकडे रेनकोट आहे.

---

हस्की_वहिनी

मावशी, उणे तीसपर्यंत जातं. थर्मलचे दोन जोड, लोकरीचे मोजे, आणि गाडीला ब्लॉक हीटर (इंजिन गरम ठेवणारा) आहे का ते आधी विचारा. चिवडा दुप्पट करा, अर्धा खेळाडू खातील.